शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरून नको तिथे पाय देतो किंवा द्यायचा तिथे देतच नाही, तेव्हा शेजारच्या सीटवरून हा दुसरा ब्रेक दाबायचा आणि वर असा चेहरा ठेवायचा की जणू काही झालंच नाही. ब्रेकबाईची निम्मी हयात हा चेहरा ठेवण्यात गेली होती.

ब्रेकबाई हे नाव शिकणाऱ्यांनी पाडलेलं, अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे मॅडम म्हणत. खरं तर मोटार ट्रेनिंगच्या ऑफिसात ती लागली होती ती फोन उचलायला. एका सकाळी शिकवणाऱ्या मास्तरांची पाठ धरली, बाहेर गाडीत एक शिकाऊ बाई स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली, आणि ऑफिसात लायसन असलेलं माणूस म्हणजे ही एकटीच. ती गेली. तासाभराने त्या शिकाऊ बाईने मालकांना बजावलं, "मला उद्यापासून ह्याच हव्यात. ह्या ओरडत नाहीत." मास्तरांची पाठ बरी झाली, पण त्यांची सीट काही त्यांना परत मिळाली नाही.

ब्रेकबाईचा गाडीत एकच नियम होता. गाडीत बोलायचं ते गाडीबद्दल. पाऊसपाणी, मुलंबाळं, गुडघेदुखी एकवेळ चालेल; राजकारण अजिबात नाही. हा नियम झाला बँकेतल्या एका साहेबांमुळे. साहेब गरीब गाईसारखे गाडी चालवत होते. वाटेत एका पुढाऱ्याचा भलामोठा फलक दिसला आणि साहेब उसळले. "हा माणूस! मॅडम, ह्या माणसाने!" असं म्हणत त्यांनी तो माणूस दाखवायला एक हात सोडला, आणि त्याने काय केलं ते दाखवायला दुसरा. गाडी थेट भांड्यांच्या दुकानाकडे. ब्रेकबाईने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. दुकानाबाहेर रचलेल्या बादल्यांची उतरंड तेवढी कोसळली आणि एक बादली घरंगळत रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दुकानदार धावत आला. फलकाकडे बघून तोही म्हणाला, "बरोबर आहे साहेब तुमचं," आणि दोघे तिथेच बोलत उभे राहिले. बादली ब्रेकबाईने आणली.

त्या बादलीपर्यंत गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण तिच्या घरात जे झालं होतं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

खाली ती, नवरा आणि मुलगी. वर धाकटा दीर आणि जाऊ. मधे स्वयंपाकघरातूनच वर जाणारा जिना. संध्याकाळी दीर चपला न घालता जिन्याने खाली यायचा, टेबलाशी बसायचा, आणि "वहिनी, चहा आहे की आम्ही अनाथ?" असं विचारायचा. मागच्याच्या मागच्या निवडणुकीचा निकाल टीव्हीवर लागत होता तेव्हाही तो असाच बसला होता. थोरल्याने आपलं मत सांगितलं, धाकट्याने आपलं. शब्दाने शब्द वाढला. कप आपटला गेला. त्या दिवसापासून दीर-जाऊ बाहेरच्या जिन्याने ये-जा करायला लागली. बोलणं कामापुरतं, टाकी भरली का आणि गेट लावलं का, एवढंच. आतल्या जिन्याच्या पायऱ्यांवर हळूहळू कांद्यांची टोपली आली, इस्त्रीचं टेबल आलं, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले. वापर बंद झालेल्या जागेवर संसार असा हातपाय पसरतोच.

ब्रेकबाईने यातून एक धडा घेतला तो कायमचा. आपलं मत दुसऱ्याला सांगणं म्हणजे त्याच्या अंगावर गाडी घालणं. कितीही हळू घाला, लागायचं ते लागतंच.

मग ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायला लागली, "हं, तसंही आहे." जुन्या पक्षाची माणसं दारात आली तरी "हं, तसंही आहे," नव्याची आली तरी तेच. दोघंही खूश होऊन जात. (नवा पक्ष तसा नवा राहिला नव्हता, पण धाकटी सून चार मुलांची आई झाली तरी घरात नवीनच म्हणवते, तसंच त्याचं.) आणि कुठेही बोलणं त्या दिशेला वळलं की तिचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, घरच्या टेबलाखाली.

"आई, पाय!" मुलगी ओरडायची. "फरशीला खड्डा पडेल."

"तुझ्या बापाला सांग गप्प बसायला, म्हणजे नाही पडणार."

या सगळ्यात एकच माणूस असं होतं की ज्याच्यापुढे तिला पाय दाबायचीही सवड मिळत नसे. ती म्हणजे शेजारची पोस्टमास्तरीण. प्रत्यक्षात ती पोस्टाच्या खिडकीवर कारकून होती. बढती तिला गल्लीने दिली होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, एकीच्या बाळंतपणात दुसरीने डबे पोचवले, दुसरीच्या सासूच्या आजारपणात पहिलीने रात्री काढल्या. पोस्टमास्तरीण पुढच्या दाराने कधी आलीच नाही. मागच्या अंगणातून, स्वयंपाकघराच्या दाराने, बोलतच आत यायची. तिचं वाक्य अंगणात सुरू व्हायचं आणि विषय काय ते ती आत आल्यावर कळायचं.

पोस्टमास्तरीण जुन्या पक्षाची. माहेरपासूनची, कट्टर. गल्लीत आल्यावरच्या पहिल्या निवडणुकीला ती म्हणाली होती, "आपण काय गं, आपल्या जुन्यांनाच देणार, नाही का?" आणि ब्रेकबाई तोंडात पिना धरून केस बांधत होती म्हणून म्हणाली होती, "हं." ते एक "हं" इतकी वर्षं पुरलं. ब्रेकबाई दर खेपेला मत देऊन येत होती ते नव्यांना. आणि पोस्टमास्तरीण दर खेपेला तिच्या स्वयंपाकघरात बसून नव्यांचा उद्धार करत होती. "तुला म्हणून सांगते," असं म्हणून.

पोस्टमास्तरीण निवृत्त झाली आणि तिने गाडी शिकायचं काढलं. नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, गाडी आच्छादन घालून दारात नुसती उभी. "पोरांची वाट बघत बसू होय? मीच शिकते. शिकवणारी घरची आहे."

शिकवणारी घरची होती, पण शिकणारीचा पाय परका होता. क्लच सोडताना तो असा थरथरायचा की गाडीला हुडहुडी भरायची. सपाट रस्त्यावर कसंबसं चालायचं. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर मात्र गाडी थांबली की संपलं. बंद पडायची, मागे सरकायची, ब्रेकबाई ब्रेक दाबायची, मागचे हॉर्न वाजवायचे.

"बोलू दे गं मला थोडं," पोस्टमास्तरीण काकुळतीला यायची. "तोंड बंद ठेवलं की माझे हातपाय चालत नाहीत."

"क्लचबद्दल बोल."

"क्लचबद्दल काय बोलायचं? तो मेला आहे तिथे आहे!"

अशात गावाची निवडणूक आली. या वेळचा वाद बाजारपेठेच्या रस्त्याचा. नवे म्हणत होते, तो रस्ता गाड्यांना बंद करा, लोकांना चालू द्या. जुने म्हणत होते, वरून पूल बांधा. एका सकाळी शिकायला येताना पोस्टमास्तरणीने पर्समधून जुन्या पक्षाचं चिकटवायचं चित्र काढलं आणि गाडीच्या मागच्या काचेवर लावायला निघाली.

"अगं, गाडी मालकांची आहे," ब्रेकबाई घाईने म्हणाली.

"बरं, राहू दे. मुख्य गोष्ट वेगळीच आहे. आपल्या गल्लीचं काम मी घेतलंय. रविवारपासून दारोदार जायचं. दोघींनी जायचं असतं, म्हणून तुझं नाव देऊन टाकलं."

"माझं?"

"मग कुणाचं देणार? मी बोलेन, तू नुसती शेजारी उभी राहा. तुझा चेहरा बघून लोक विश्वास ठेवतात."

ब्रेकबाईचा पाय दाबला गेला. गाडी बंदच होती, त्यामुळे काही झालं नाही.

तो दिवस तिचा कुठे गेला ते तिला कळलं नाही. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की ते स्वयंपाकघराचं मागचं दार बंद होणार. जिन्यावर कांदे आलेच होते, आता मागच्या दाराला काय लावायचं? हो म्हणावं तर ओळखीच्या दारोदार उभं राहून, ज्यांना आपण मत देणार नाही त्यांच्यासाठी चेहरा वापरायचा. तोच चेहरा, काही झालंच नाही असा.

संध्याकाळी तिने कणीक इतकी तिंबली की मुलगी म्हणाली, "आई, कुणाचा राग आहे तो?"

मग तिने सगळं सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. कामावरून आला की आपला स्वतःचा चष्मा पुसत बसायचा. पुसता पुसता म्हणाला, "सांगून टाक तिला."

"सांगून तुमचं काय झालं ते बघतेय ना मी. जिन्यावर कांदे आहेत."

"आई, तू आजारी पड," मुलीने तोडगा काढला.

"आजारी पडले तर पोस्टमास्तरीण उशाशी येऊन बसेल. आणि बोलेल."

नवऱ्याने चष्मा दिव्यासमोर धरला, पुन्हा पुसला. तो एरवी या विषयावर तोंड उघडत नसे. "मी त्याला माझं मत सांगितलं म्हणून तो गेला नाही," तो म्हणाला.

"मग कशाने गेला?"

"त्याने त्याचं सांगितलं, मी माझं. इथवर ठीक होतं, चहासुद्धा चालू होता. मग मी म्हणालो, तुला लहानपणापासून अक्कल कमीच. बाबाही म्हणायचे." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "जाऊबाई समोर होती तुझी. त्याच्या बायकोसमोर बोललो."

ब्रेकबाई बघतच राहिली. ती तेव्हा चहाला दूध आणायला मागे गेली होती. परत आली तोवर कप आपटला गेला होता आणि टीव्हीवर आकडे चालू होते. तिने आकड्यांना दोष दिला होता.

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते!"

"त्यात बोलण्यासारखं काय आहे?" नवरा म्हणाला आणि ताट घ्यायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तरीण स्टिअरिंगवर बसली. आरसा नीट केला, पट्टा लावला. टाकीच्या रस्त्याला लागल्यावर ब्रेकबाईने विषय काढायचं ठरवलं. समोरासमोर बसून तिला हे जमलं नसतं. इथे बरं होतं. दोघींचीही तोंडं रस्त्याकडे.

"ऐक. गाडीबद्दल नाही, दुसरंच आहे."

"अगोबाई! नियम मोडला?"

"मी रविवारी येणार नाही. मी नव्यांना मत देते. पहिल्यापासून."

चढ नेमका सुरू झाला होता. पोस्टमास्तरणीने ब्रेक दाबला. गाडी चढाच्या मध्यावर उभी राहिली. मागे दूधवाल्याचा टेम्पो होता, त्याने हॉर्न दिला.

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यापासूनच."

"माझ्या धाकट्याच्या वेळी? डबा घेऊन आलीस आणि मी त्या नव्यांना शिव्या घातल्या, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"आणि तू हं म्हणालीस!"

"हं."

"परत हं म्हणतेस!" पोस्टमास्तरणीचा आवाज टेम्पोच्या हॉर्नवर चढला. "अगं बये, मी इतकी वर्षं बडबडले ती कुणाशी? भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता! मला वाटायचं आपण दोघी बोलतोय!"

"तुला राग येईल म्हणून..."

"आता काय मला आनंद झालाय? नव्यांना मत देतेस याचा नाही राग. दे, तुझं मत, तुझं नशीब. पण मी एवढी कच्ची वाटले होय तुला? एका मताने मोडेन अशी?"

 मग ब्रेकबाईने सांगितलं, की बाजारपेठेतून रोज शिकाऊ गाडी नेताना तिचा जीव कसा मुठीत असतो, आणि तो रस्ता चालणाऱ्यांचाच व्हायला पाहिजे.

"आणि माझ्या नवऱ्याने तेवढं चालायचं कसं? डोळ्याने दिसत नाही, हातात पिशवी! त्याला बाजारात नेण्यासाठी तर मी हे क्लचचं दुखणं ओढवून घेतलंय! तुमचे नवे काय पाठुंगळी नेणार आहेत त्याला?"

"पूल बांधला तर पुलाखालून चालणारच आहे ना तो? वरून गाड्या, खाली अंधार!"

"अंधाराला दिवे असतात! दिवे लावता येतात!"

असं म्हणत पोस्टमास्तरणीने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे कणभरही न सरकता चढ चढून गेली. पुढच्या वळणाला तिने इंडिकेटरसुद्धा दिला. बोलत होती, "आणि व्यापाऱ्यांचं काय, सांग ना," आणि हात आपापली कामं करत होते. ब्रेकबाईने सवयीने खाली बघितलं. आपले दोन्ही पाय तिने कधी मागे घेऊन सीटखाली ठेवले होते ते तिलाच माहीत नव्हतं.

पण घर आलं, गाडी थांबली, आणि पोस्टमास्तरीण "येते गं" न म्हणता उतरली. दार आपटलं.

त्या संध्याकाळी मागच्या अंगणातून कुणाचं वाक्य आलं नाही. दुसऱ्या सकाळी शिकायच्या वेळेला गाडीपाशीही कुणी नव्हतं. ब्रेकबाई थोडा वेळ स्टिअरिंगकडे बघत शेजारच्या सीटवर बसून राहिली, मग दुसऱ्या शिकणाऱ्याला घेऊन निघाली आणि त्याला दिवसभर उगाच ब्रेक लावत राहिली. रविवारी ती स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं ठेवून बसली. दारातून एक मांजर आलं, ओट्याखाली बघून परत गेलं.

आणि मग पुढच्या दारावर टकटक झाली.

मुलीने दार उघडलं. "आई, तुझ्याकडे... ये तरी."

दारात पोस्टमास्तरीण. ठेवणीतली साडी, छातीवर जुन्या पक्षाचा बिल्ला, हातात पत्रकं. ओळखही नसल्यासारखा चेहरा.

"नमस्कार. आम्ही जुन्या पक्षातर्फे आलो आहोत. आपल्या घरी मतदार किती?"

ब्रेकबाईने तिच्या मागे डोकावून बघितलं. "आम्ही म्हणजे कोण? तू तर एकटी आहेस."

"जोडीदारीण फितूर निघाली. कार्यालयात जाऊन तिचं नाव खोडून आले. म्हटलं, गल्लीतलं सगळ्यात अवघड दार आधी करावं, म्हणजे बाकीची सोपी." मग तिचा तो परका चेहरा टिकेना. "परवापासून तुझ्या अंधाराला उत्तर शोधतेय मी. झोप नाही मला. आत घेतेस की इथेच सुरू करू?"

"या, बसा," ब्रेकबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही. "चहा घेणार? की नव्यांच्या घरचा चालत नाही?"

"साखर जास्त घाल. कडू बोलायचंय."

मग त्या स्वयंपाकघरात जो गलका उठला! पोस्टमास्तरीण पूल बांधत होती, ब्रेकबाई रस्ता बंद करत होती. बशा, चमचे, साखरेचा डबा यांचा बाजार टेबलावर मांडला गेला. "हा डबा म्हणजे तुझा नवरा समज," ब्रेकबाई म्हणाली. "डब्याला दिसत नाही," पोस्टमास्तरणीने आठवण करून दिली. "मग त्याच्यासाठी बाजाराच्या तोंडापर्यंत रिक्षा सोडायला हवी, हे मी मान्य करते." "केलंस ना मान्य? हे तुझ्या नव्यांना सांग!" "सांगते! आणि तू पुलाखालच्या दिव्यांचं तुझ्या जुन्यांना सांग!" मुलगी हसून हसून ओट्याला टेकली होती. नवरा दोन वेळा काही बोलायला गेला आणि दोघींनी मिळून त्याला गप्प केलं.

या सगळ्यात वर कुठेतरी दार वाजलं. आतल्या जिन्यावर पावलं आली आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशी थांबली. धाकटा दीर. पायात चपला नव्हत्या.

"वहिनी, कोण मारामारी करतंय? वरपर्यंत आवाज येतोय."

नवऱ्याने मान वर केली नाही. फक्त पायाने शेजारची खुर्ची टेबलापासून थोडी बाहेर सारली. दिराने ती बघितली. इस्त्रीचं टेबल आडवं केलं, कांद्यांची टोपली ओलांडली, आणि उतरून येऊन खुर्चीच्या काठावर बसला.

"हे बरं झालं," पोस्टमास्तरीण म्हणाली. तिला घरातलं सगळं माहीत होतं, पण ती आता रंगात आली होती आणि तिला ब्रेक नव्हता. "वरचं घर राहिलंच होतं माझं. भाऊजी, तुम्ही सांगा. तुमचं मत कुणाला?"

टेबलाखाली ब्रेकबाईचा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला. शेजारी तिच्या नवऱ्याचाही. समोरून मुलीने खाली वाकून बघितलं आणि "बाबा, तुम्हीसुद्धा?" म्हणाली.

दीर भावाकडे बघत होता. भाऊ कपात बघत होता.

"सांग," भाऊ कपातच म्हणाला. "मी बाबांचं नाव काढणार नाही."

दिराच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"सांगेन," तो म्हणाला. "पण आधी, वहिनी, चहा आहे की आम्ही अनाथ?"

ब्रेकबाईने पाय उचलला आणि चहाचं भांडं पुन्हा गॅसवर ठेवायला उठली. "आहे, भाऊजी. पण आज या घरात फुकट चहा नाही. आधी मत सांगायचं, मग कप."